जेवणातली ताकद मोजणाऱ्या डॉ. कमला सोहोनी



हिवरखेडच्या आमच्या वर्गात अंतराळवीरांच्या आहाराचा पाठ सुरू होता. यानात साधा ब्रेड नेत नाहीत, त्याचे कण तरंगत राहतात, हे ऐकून मुलं जाम हसली. जेवणात प्रथिनं, जीवनसत्त्वं, लोह किती हे आधीच मोजलेलं असतं, असं सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं की डोळ्यांना न दिसणारं हे सगळं मोजतं तरी कोण? म्हणून मी मुलांना कमलाबाईंची गोष्ट सांगितली.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. 1933 मध्ये मुंबईतून त्या बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं पास झाल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुण भरपूर होते, पण मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागं हटल्या नाहीत. त्यांनी चक्क सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष तर नुसतं परीक्षेचंच होतं. तिथं त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर संशोधन केलं. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढं त्या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

मग त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशी श्वसन कसं करतात यावर काम करून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या काळात विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या भारतीय स्त्रिया अगदी मोजक्या होत्या. परदेशात राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्लीत शिकवलं, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. पुढं तिथल्या संचालकही झाल्या.

मुंबईत त्यांनी गरिबांच्या ताटातलं अन्न तपासायला घेतलं. डाळी, भाताचं पीठ, ताडगूळ आणि नीरा. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांच्या तब्येतीत फरक पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढं भेसळीविरुद्ध लोकांना जागं करण्यासाठी त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या. 1998 मध्ये दिल्लीत सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचं निधन झालं.

गोष्ट संपल्यावर मुलांना एक काम दिलं. आज घरी काय जेवलो ते लिहायचं आणि त्यातून शरीराला काय मिळालं ते आईसोबत शोधायचं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. अंतराळवीराच्या पाकिटात मोजून भरतात ते बरंचसं आपल्या ताटातही असतं, हे मुलांना त्या वहीतच सापडलं.

पालकहो, एक विनंती. तुमची मुलगी असे प्रश्न विचारत असेल, तर तिला गप्प बसवू नका.