कारागीर अरनिको : नेपाळचा हात, चीनचा स्तूप



विहारात आपण तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो, फुले वाहतो, वंदना घेतो. सम्राट अशोकाने स्तूप बांधले हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे, आणि ते पाठ असलेच पाहिजे. पण दगड-विटा कोणी रचल्या, लाकूड कोणी कोरले, धातू कोणी ओतला? त्या हातांची नावे इतिहासाने फारशी ठेवली नाहीत. ज्या थोडक्यांची राहिली, त्यात नेपाळच्या अरनिकोचे नाव मोठे आहे. त्याचीच ही हकीकत.

अरनिकोचा जन्म 1245 च्या सुमाराचा. काठमांडू खोऱ्यातले पाटण, म्हणजे ललितपूर, हे त्याचे गाव मानतात. हे गाव नेवार कारागिरांचे. इथे घराच्या खिडक्यासुद्धा लाकडात अशा कोरतात की माणूस बघत उभा राहावा. मूर्ती घडवायची रीत तर कष्टाची. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, मग ती तापवायची. मेण वितळून बाहेर येते, आणि त्या पोकळीत रसरशीत धातू ओतायचा. शेवटी साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. चुकले तर सगळे पहिल्यापासून!

अरनिकोच्या चरित्रलेखात एक गोष्ट आहे. तीन वर्षांचा असताना आईबापांनी त्याला वंदनेला नेले. पोराने मान वर करून स्तूप पाहिला आणि विचारले, की हा लाकडी खांब आणि हा घुमट कोणी केला? मोठी माणसे चकित झाली.

1260 साली मंगोल सम्राट कुब्लाई खानाने तिबेटात सोन्याचा स्तूप उभारायचा हुकूम दिला. काम फाग्पा या तिबेटी धर्मगुरूंकडे होते. त्यांनी नेपाळकडे शंभर कारागीर मागितले. तेव्हा तिथे जयभीमदेव नावाचा राजा होता. नाव वाचून आपल्याला आपलेपणा वाटेल, पण हा राजा तेराव्या शतकातला बरं का! शंभर काही जमले नाहीत, ऐंशी जमले. त्यांचा म्होरक्या कोण, असा प्रश्न पडला. कोणी पुढे येईना, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा अरनिको उभा राहिला. तू अजून पोर आहेस, असे त्याला ऐकवले गेले. तो म्हणाला की अंगाने लहान असेन, मनाने नाही. त्याच्याकडे काम दिले आणि सुमारे दोन वर्षांत त्याने ते तडीस नेले. फाग्पांनी त्याला शिष्य केले आणि खानाच्या दरबारात धाडले.

दरबारात त्याची परीक्षा झाली. वैद्यांना सुया टोचायची ठिकाणे शिकवणारा तांब्याचा एक मानवी पुतळा होता. तो मोडला होता आणि कोणालाच दुरुस्त करता येत नव्हता. असले काम आपण पूर्वी केलेले नाही, पण करून पाहतो, असे अरनिकोने सरळ सांगितले. 1265 साली पुतळा पूर्ववत झाला. दरबारातल्या जुन्या कारागिरांनीही मान तुकवली. आम्हा गिरणीवाल्यांना हे लगेच कळते. साचा बंद पडला की हुद्दा आणि वय बाजूला राहते. ज्याच्या हाताने तो चालतो, तोच खरा उस्ताद.

1273 मध्ये सगळ्या कारागिरांवरचा प्रमुख अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. परदेशातून आलेला हाताचा माणूस एवढ्या मोठ्या राज्यात इतका वर गेला. 1271 ते 1279 या काळात त्याच्या देखरेखीखाली आजच्या बीजिंगमध्ये पांढरा स्तूप उभा राहिला. उंची सुमारे 51 मीटर. 1368 साली वीज पडून भोवतालचे मंदिर जळाले, पण स्तूप राहिला. वूताई पर्वतावरचा मोठा पांढरा स्तूपही त्याचाच मानतात. त्याने मूर्ती घडवल्या आणि चिनी शिष्य तयार केले. लिऊ युआन हा नामांकित शिल्पकार त्यांतलाच. मुलांनाही त्याने कला दिली. 1306 साली चीनमध्येच त्याचा अंत झाला.

चीनने 1961 मध्ये बीजिंगच्या त्या स्तूपाला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिले. नेपाळने काठमांडूहून चीनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याला अरनिको राजमार्ग असे नाव दिले. राजेमहाराजांची नावे रस्त्यांना सगळीकडेच असतात, इथे कारागिराचे आहे. 2015 च्या भूकंपात पाटणच्या दरबार चौकातली जुनी मंदिरे कोसळली. तेव्हा ढिगाऱ्यातून नक्षीचे खांब-तुळया वेचून नेवार सुतारांनीच ती पुन्हा उभी केली. विद्या हातात जिवंत होती म्हणून हे झाले. हात मेले असते तर नुसता पैसा काय करणार होता?

याच नेपाळात, काठमांडूला, नोव्हेंबर 1956 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते. त्यामुळे हा देश आपल्याला परका नाही.

आपल्याकडे हातांनी काम करणाऱ्याला शतकानुशतके खाली बसवले. त्याचे काम देवळात नेले, पण त्याला दाराबाहेर ठेवले. म्हणून अरनिकोची गोष्ट आपल्या मुलांना सांगा. शिकून साहेब व्हा, जरूर व्हा, पण ज्याच्या बोटांत कला आहे अशा पोराला हिणवू नका. त्याला रंधा द्या, माती द्या, रंग द्या. आणि एखादे मूल विहारात मान वर करून विचारेल, की ही मूर्ती कोणी घडवली, तर त्याला गप्प करू नका. उत्तर शोधून द्या.

जयभीम!