रिक्षाचा यू-टर्न शक्य झाला तो एका माळ्यामुळे, त्याचं नाव जेम्स स्टार्ली

रिक्षात बसून यू-टर्न घेताना एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का?

रिक्षा वळते तेव्हा मागची दोन चाकं सारखं अंतर जात नाहीत. आतल्या बाजूच्या चाकाला छोटा फेरा पडतो, बाहेरच्याला मोठा. समजा आतलं चाक ३ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात फिरलं आणि बाहेरचं ४ मीटरच्या. मग आतल्याने कापले साधारण साडेनऊ मीटर आणि बाहेरच्याने साडेबारा मीटर. दोघांना वेळ मात्र एकच मिळाला.

आता ही दोन चाकं एकाच लोखंडी दांड्यावर घट्ट बसवली असती तर? दांडा एका वेगाने फिरणार, म्हणजे दोन्ही चाकंही एकाच वेगाने फिरणार. मग वळणावर एक चाक रस्त्यावर घासत ओढलं गेलं असतं, टायर झिजले असते आणि गाडीने सरळ जायचाच हट्ट धरला असता.

तसं होत नाही, कारण मध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची एक डबी असते. रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळीकडे ही डबी सापडते. पण रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांमध्ये ती रुळली कुठून, हे शोधायला गेलं तर आपण मोटारीपाशी पोहोचत नाही. आपण पोहोचतो पायाने चालवायच्या तीनचाकीपाशी, आणि ती बनवणाऱ्या एका माणसापाशी, ज्याने कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याचं नाव जेम्स स्टार्ली.

जन्म १८३० चा. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातलं ऑल्बर्न नावाचं खेडं. वडील शेतकरी, त्यामुळे नवव्या वर्षापासून पोरगं शेतात राबायला लागलं. पण लक्ष नांगरापेक्षा वस्तूंच्या पोटात काय चाललंय याकडे जास्त. छत्रीची मोडकी काडी आणि झाडाची फांदी वापरून त्याने उंदराचा सापळा बनवला होता, असं त्याच्या चरित्रांत सांगतात.

शेतीत मन रमेना. पोराने घर सोडलं आणि लंडनजवळच्या लुईशमला जाऊन माळ्याच्या हाताखाली काम धरलं. दिवसभर बाग आणि रात्री दुरुस्ती. शेजारपाजारची बिघडलेली घड्याळं त्याच्याकडे यायची. शिकवायला कोणी नव्हतं. उघडायचं, बघायचं, बिघडलं तर पुन्हा लावायचं, हीच त्याची शाळा.

आणि इथेच त्याचं नशीब फिरलं.

ज्या बागेत तो काम करायचा तिचा मालक होता जॉन पेन. जहाजांची वाफेची इंजिनं बनवणारा त्या काळातला मोठा माणूस. पेनसाहेबांच्या घरात शिलाई मशीन आली. तेव्हा शिलाई मशीन म्हणजे भलतीच महागाची आणि नवलाईची चीज. ती एक दिवस बंद पडली. माळ्याने ती उघडली, चालू केली आणि वर तिच्यात सुधारणाही सुचवली.

इंजिनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यातलं मोल कळलं. पेनच्या ओळखीने स्टार्ली मशीन बनवणाऱ्या कंपनीत, लंडनच्या होबर्न भागातल्या कारखान्यात लागला. त्या कंपनीतला भागीदार जोसाया टर्नर याने या पठ्ठ्याला बरोबर हेरलं, आणि १८६१ च्या सुमारास दोघांनी मिळून कॉव्हेंट्री शहरात शिलाई मशीनचा स्वतःचा कारखाना काढला.

कॉव्हेंट्री हे नाव लक्षात ठेवा, कारण या शहराचं तेव्हा फार वाईट चाललं होतं.

कॉव्हेंट्रीचं पोट रेशमी फितींवर चालायचं. टोप्यांना, झग्यांना लावायच्या फिती विणणारे हजारो विणकर तिथे होते. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापार करार झाला, फ्रेंच फितींवरची जकात उठली आणि स्वस्त, फॅशनेबल फ्रेंच माल बाजारात आला. माग बंद पडले. माणसं शहर सोडून, कित्येक तर देश सोडून गेली. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको.

अशा शहरात १८६८ च्या सुमारास टर्नरचा पुतण्या पॅरिसहून एक वस्तू घेऊन आला. पुढच्या चाकाला पायडल असलेली दुचाकी. लाकडी चाकं, त्यावर लोखंडी धाव. बैलगाडीच्या चाकासारखीच बनावट, त्यामुळे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, आणि इंग्रजांनी तिचं नावच हाडं हलवणारी असं ठेवलं. पॅरिसमध्ये तिला जोरदार मागणी होती. कॉव्हेंट्रीने ४०० गाड्यांची ऑर्डर घेतली आणि १८६९ मध्ये शिलाई मशीनच्या कंपनीने नाव बदलून कॉव्हेंट्री मशिनिस्ट्स कंपनी असं केलं.

पण १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसचं गिऱ्हाईक गेलं.

आता माल विकायचा तर इंग्लंडमध्येच. आणि तसा विकायचा तर हाडं हलवणारी गाडी चालणार नव्हती. तिथून स्टार्लीने चाकात हात घातला.

बैलगाडीच्या चाकात वजन खालच्या आऱ्यांवर उभं राहतं. म्हणून आरे जाड लागतात, चाक जड होतं. तारेचं चाक उलट चालतं. तारा सगळ्या बाजूंनी घट्ट ताणायच्या आणि त्या ताणाच्या जोरावर मधला हब रिममध्ये तोलून धरायचा. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ मध्ये असं चाक केलं होतं. स्टार्ली आणि त्याचा जोडीदार विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये स्वतःच्या पद्धतीच्या ताणलेल्या चाकाचं पेटंट घेतलं आणि एरियल नावाची सगळी धातूची सायकल बाजारात आणली. पुढे मोठं, मागे छोटं चाक. आपण जुन्या चित्रांत पाहतो ती उंच सायकल ती हीच. दोघांनी ती चालवत एका दिवसात लंडनहून कॉव्हेंट्री गाठलं, अशी आठवण त्या शहरात सांगितली जाते.

तरी एक अडचण होती. तारा हबपासून रिमपर्यंत सरळ जात होत्या. पायडल मारलं की आधी हब फिरायचा, रिम मागे राहायची, तारा तिरक्या व्हायच्या. स्टार्लीने १८७४ मध्ये यावरचा उपाय पेटंट केला. तारा हबच्या कडेला स्पर्श करून तिरक्या काढायच्या, अर्ध्या पुढच्या दिशेला, अर्ध्या मागच्या, एकमेकींना छेदत. पायडल मारलं की तिरकी तार लगेच रिमला ओढते.

आज पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कुठल्याही साध्या सायकलचं मागचं चाक बघा. स्पोक एकमेकांना छेदत गेलेले दिसतील. दीडशे वर्षं झाली, पद्धत तीच आहे.

पण उंच सायकल चालवणार कोण? तरुण, धडधाकट आणि पडायची तयारी असलेला पुरुष. खड्डा लागला की माणूस हँडलवरून डोक्यावर आपटायचा. पायघोळ झगे घालणाऱ्या बायकांना तर तिच्यावर बसताच येत नव्हतं. वयस्कर माणसांनी लांबूनच बघायचं. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक या वाहनातून बाद.

म्हणून स्टार्ली तीन चाकांकडे वळला.

१८७६ मध्ये त्याने कॉव्हेंट्री लिव्हर ट्रायसिकल आणली. एका बाजूला एक मोठं चाक, दुसऱ्या बाजूला पुढे-मागे दोन छोटी. ताकद फक्त मोठ्या चाकाला. माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसायचा आणि पाय पुढे मारायचा. पडायची भीती नाही, झगा अडकायची भीती कमी.

मग त्याने दोन माणसं शेजारी शेजारी बसतील अशी गाडी केली. दोघांना वेगळे पायडल आणि प्रत्येकाने आपल्या बाजूचं चाक फिरवायचं. ही गाडी घेऊन तो मुलाबरोबर, विल्यमबरोबर, फिरायला निघाला. मुलगा तरणाबांड, बाप पन्नाशीकडे झुकलेला. मुलाच्या बाजूचं चाक जोरात, बापाच्या बाजूचं हळू. गाडी बापाच्या बाजूला ओढ घ्यायची, आणि शेवटी तिने दोघांना रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत नेऊन टाकलं, असं सांगतात.

या फजितीतून त्याला डिफरन्शियल सुचलं.

ते चालतं कसं? दांड्याचे मधोमध दोन तुकडे करायचे, प्रत्येकाला आपापलं चाक. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना तिरक्या दातांचे गिअर लावायचे आणि त्यांच्यामध्ये आणखी छोटे गिअर एका डबीत अडकवायचे. चेन फिरवते ती डबीला. सरळ रस्त्यावर सगळं मिळून एकत्र फिरतं. वळण आलं की आतलं चाक जितकं मंदावतं तितकंच बाहेरचं जोर धरतं. आणि जोर दोन्ही चाकांना सारखा वाटला जातो. म्हणजे बाप-लेकाने कितीही कमी-जास्त पायडल मारले तरी दोघांची ताकद आधी एकत्र होणार आणि मग दोन्हीकडे समान जाणार.

हे तत्त्व जगात पहिल्यांदाच सुचलं असं नाही. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने जवळजवळ पन्नास वर्षं आधी वाफेच्या गाडीसाठी तशी रचना मांडली होती. १८७७ मध्ये स्टार्लीने पेटंट घेतलं आणि चेनवर चालणाऱ्या, विकत मिळणाऱ्या, रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ती बसवली. त्या गाडीचं नाव साल्व्हो. दोन मोठी चाकं, मध्ये खुर्ची, पुढे वळवायला छोटं चाक.

हे सगळं बनत होतं कशाने? आजच्यासारखं विजेचं वेल्डिंग तेव्हा कारखान्यांत आलेलं नव्हतं. लोहार लाल तापवून ठोकून जोडायचा, नाहीतर पितळ वितळवून दोन तुकड्यांच्या फटीत सोडायचं. या दुसऱ्या पद्धतीला ब्रेझिंग म्हणतात. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात, ब्रेझिंगमध्ये पोलाद वितळत नाही, पितळ त्यांना धरून ठेवतं. उष्णता कमी पडली तर पितळ आत शिरत नाही, जास्त झाली तर पातळ नळी खराब होते. हा अंदाज हात भाजत भाजतच यायचा.

आजही जगभर हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग शिकत शिकत, आडवं रेलून चालवायची तीनचाकी सायकल बनवतात. त्यांच्यापुढे स्टार्लीचाच प्रश्न येतो. मागे दोन चाकं ठेवली तर ताकद कुठल्या चाकाला द्यायची? एकाच चाकाला दिली तर काम सोपं, पण गाडी किंचित एका बाजूला ओढते. दोन्हींना द्यायची तर डिफरन्शियल हवं. बरेच जण दोन चाकं पुढे आणि एकच मागे ठेवतात, म्हणजे चेन मागच्या एका चाकाला आणि प्रश्नच मिटला. आपल्याकडच्या पायडल मारायच्या सायकल रिक्षात बहुतेक वेळा चेनची ताकद मागच्या एकाच चाकाला जाते, ती याच हिशोबाने, कारण डबीचा खर्च वाचतो.

तर साल्व्होचं पुढे काय झालं?

१८८१ मध्ये राणी व्हिक्टोरिया आइल ऑफ वाइट बेटावर बग्गीतून जात होती. तिथे एक तरुणी साल्व्हो चालवत बग्गीच्या पुढे निघून गेली. राणीला कुतूहल वाटलं आणि तिने दोन साल्व्हो मागवल्या. गाडी पोहोचवायला स्टार्ली स्वतः राणीच्या ऑस्बर्न हाउसला गेला. लुईशमच्या बागेत खुरपं धरणारा माणूस आता राणीसमोर उभा होता. गाडीचं नाव झालं रॉयल साल्व्हो, आणि खानदानी घरातल्या बायकांनी तीनचाकी चालवण्यात लाज वाटायचं कारण उरलं नाही.

पण हे सुख बघायला तो फार दिवस राहिला नाही. त्याच वर्षी, १७ जून १८८१ रोजी, कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. वय ५१.

त्यानंतरची यादी मात्र मोठी आहे. १८८५ मध्ये त्याचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि चेन मागच्या चाकाला, म्हणजे आपली आजची सायकल. पोलंडमध्ये सायकलला आजही रोव्हेर म्हणतात, ते याच नावावरून. जोडीदार हिलमनच्या नावाने पुढे मोटारी निघाल्या. आणि १८८६ मध्ये कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचं पेटंट घेतलं. तिला चाकं होती तीन, त्यात तारेचे स्पोक होते, सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल होतं.

कॉव्हेंट्रीचं काय? ज्या शहरातले माग बंद पडले होते, तिथे सायकलचे कारखाने उभे राहिले, मग त्यातूनच मोटारींचे. फिती विणणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना रोजगार मिळाला तो चाकांवर. त्या शहराने १८८४ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर तीनच वर्षांत, त्याचं स्मारक उभं केलं. ते आजही तिथे आहे.

आणि आपल्याकडे त्याचं स्मारक नसलं तरी त्याचं काम आहे. पुढच्या वेळी रिक्षावाल्या काकांनी अरुंद गल्लीत झोकात यू-टर्न मारला की सीटच्या खाली कुठेतरी ती गिअरची डबी फिरत असते.