बोललेला नवस फेडणारा मराठी ज्यू : समाजी हसाजी दिवेकर

गाणगापूरला जा, नाहीतर कलबुर्गीच्या बंदेनवाज दर्ग्यात जा, नवस फेडायला आलेली माणसं भेटतातच. संकटात नवस सगळेच बोलतात. संकट टळल्यावर तो आठवणीनं फेडणारे मात्र कमी. समाजी हसाजी दिवेकर अशांपैकी एक. कोकणातला हा मराठी बोलणारा ज्यू कर्नाटकात कैदेत पडला होता.

समाजींचं हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल. त्यांचा समाज बेने इस्रायल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी गावावरून आडनावं आणि घरात मराठी. पुढे यातले बरेच जण मुंबईत येऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले. समाजीही त्यातलेच, देशी पलटणीतले अधिकारी.

१७८० ते १७८४ या काळात इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध झालं. त्यात समाजी टिपू सुलतानाच्या हाती सापडले. समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं : कैद्यांना जात विचारली, तेव्हा बेने इस्रायल हे उत्तर आलं. कुराणात वाचलेलं हे नाव टिपूच्या आईच्या लक्षात आलं आणि तिनं त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. समाजींनी मनाशी ठरवलं होतं, सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन.

ज्यू धर्मात अशा शब्दाला फार वजन आहे. तोरा, म्हणजे त्यांचा मूळ धर्मग्रंथ, सांगते की नवस बोललात तर फेडायला उशीर लावू नका. न बोललात तर काही दोष नाही. म्हणूनच ऊठसूट नवस बोलू नये, असं धर्मगुरू बजावतात. आपल्याच मनानं नवस मोडता येत नाही. सुटका हवी असेल तर जाणत्या धर्मगुरूपुढे किंवा तिघांपुढे कारण मांडावं लागतं. थोडक्यात, निश्चय म्हणजे डोक्यावरचं कर्ज.

१७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला. प्रार्थनास्थळ उभं राहिलं १७९६ मध्ये, म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली. कैदेतली भीती एव्हाना जुनी झाली असणार, पण शब्द जुना झाला नव्हता. मुंबईच्या मांडवी भागात 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार, बांधलं गेलं. बेने इस्रायलींचं मुंबईतलं हे पहिलं प्रार्थनास्थळ. तोवर प्रार्थना घराघरांतून चालायची. लोक त्याला 'मशीद'च म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं मानतात. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी हललं. जवळची सॅम्युएल स्ट्रीट समाजींच्याच नावाची.

पण नुसत्या भिंतींनी काम भागत नव्हतं. प्रार्थनेत वाचायला हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी लागते. ती आणायला समाजी कोचीनला गेले आणि तिथेच १७९७ मध्ये वारले.

सुटका मिळून तेरा वर्षं झाली होती. घर बांधून झालं होतं. तरी, आपलं काम संपलं असं या माणसानं मानलं नाही.