ओळखीचा रस्ता

आमच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंतचा रस्ता फार तर पाऊण किलोमीटरचा. त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण आमच्या ओळखीचे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ त्याच रस्त्याने सायकलवरून दळण घेऊन येत होता. कॅरिअरवरचा डबा एका बाजूला कलंडला, हँडल फिरले आणि तो मोरीच्या सिमेंटच्या कठड्यावर डोक्यावर आपटला. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. तो वाचला, आता शाळेतही जातो. परंतु पूर्वी तोंडपाठ असलेले पाढे म्हणताना मध्येच थांबतो आणि आमच्याकडे पाहत राहतो. अशा वेळी आपली नजर कुठे वळवावी हे आम्हाला कळत नाही.

हे घरगुती दुःख नियतकालिकाच्या पानावर मांडण्याचे मला खरे म्हणजे काही कारण नव्हते. पण पुढे इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धातील अरबांच्या उठावाचा विषय निघाला, सरांनी एक नाव घेतले, आणि ग्रंथालयात जाऊन त्या माणसाचे चरित्र मी वाचून काढले. वाचता वाचता शेवटच्या प्रकरणापाशी आले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जगाला ठाऊक असलेला हा माणूस वाळवंटात मेला नाही, लढाईत मेला नाही. तो घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर, डोक्याला मार लागून मेला.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमॅडॉग या लहानशा गावी झाला. पाच भावांत हा दुसरा. १८९६ साली हे कुटुंब ऑक्सफर्डला येऊन राहिले. मुलगा अंगाने लहानखुरा, पण विलक्षण काटक. जुन्या वास्तू, जुनी नाणी, जुनी हत्यारे यांचे त्याला वेड. आणि त्या वेडाला पाय दिले ते सायकलने! कॉलेजच्या वयात तो उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल घेऊन फ्रान्समध्ये जाई आणि मध्ययुगीन किल्ले पाहत हिंडे. १९०८ च्या उन्हाळ्यात त्याने अशी सुमारे चोवीसशे मैलांची, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलोमीटरची रपेट केली. पार दक्षिणेला भूमध्य समुद्र दिसेपर्यंत हा पोरगा एकटा पायडल मारीत गेला. दुसऱ्या वर्षी सीरियातील धर्मयुद्धकालीन किल्ले पाहण्यासाठी त्याने शेकडो मैल पायी तुडवले. या भटकंतीतून लिहिलेल्या प्रबंधावर १९१० साली त्याला ऑक्सफर्डची प्रथम श्रेणी मिळाली. आपल्यापैकी जे इतिहासाचे विद्यार्थी आहेत त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की हा इतिहास त्याने खुर्चीवर बसून नव्हे, खोगिरावर बसून वाचला होता.

त्यानंतर तीनेक वर्षे युफ्रेटीसच्या काठी कार्केमिश येथे उत्खननाचे काम झाले. तेथेच तो अरबी बोलायला आणि अरबांसारखे राहायला शिकला. १९१४ साली युद्ध पेटले. लॉरेन्स कैरोच्या गुप्तवार्ता खात्यात दाखल झाला. १९१६ मध्ये तुर्कांविरुद्ध अरबांचा उठाव झाला आणि अमीर फैसलच्या बाजूला हा तरुण इंग्रज सल्लागार म्हणून उभा राहिला. हेजाझच्या रेल्वेवर सुरुंग लावणे, वाळवंट तुडवून जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर पाठीमागून घेणे, ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कसमध्ये शिरणे, ही सारी कथा जगजाहीर आहे.

माझे लक्ष मात्र दोन लहान प्रसंगांनी वेधून घेतले. अकाबाच्या वाटेवरील लढाईत भरधाव धावणाऱ्या उंटावरून पिस्तूल झाडताना त्याने चुकून स्वतःच्याच उंटाच्या डोक्यात गोळी घातली. उंट कोसळला, लॉरेन्स दूर फेकला गेला, पण वाचला. पुढे मे १९१९ मध्ये तो ज्या विमानातून प्रवास करीत होता ते रोमच्या विमानतळावर कोसळले. दोघेही वैमानिक मृत्युमुखी पडले. लॉरेन्सची काही हाडे मोडली, पण तो वाचला. अशा माणसाला आपण काही मरत नाही असे वाटू लागले असेल तर त्याला दोष कसा द्यावा?

युद्ध संपले. अरबांना दिलेली वचने पाळली गेली नाहीत याचे शल्य त्याच्या मनात राहिले. कीर्ती त्याच्यामागे धावत होती आणि हा कीर्तीपासून पळत होता. १९२२ साली कर्नल लॉरेन्स नाव बदलून विमानदलात साधा शिपाई म्हणून भरती झाला! वर्तमानपत्रांनी ते उघडकीस आणले तेव्हा त्याला तेथून निघावे लागले. मग शॉ हे नाव घेऊन तो रणगाडा दलात शिरला आणि १९२५ साली पुन्हा विमानदलात परतला. जानेवारी १९२७ मध्ये त्याची नेमणूक कराचीला झाली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती, हे वाचून मला उगाचच तो थोडासा आपला वाटला. पुढे त्याला वझिरिस्तानातील मिरानशहाच्या ठाण्यावर पाठवले. तेथे तो होमरच्या ओडिसीचे भाषांतर करीत होता आणि वर्तमानपत्रे मात्र काबूलचे बंड यानेच घडवले असे छापत होती. सरकार घाबरले, जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईच्या बंदरातून बोटीने मायदेशी धाडण्यात आले.

यानंतरचा काळ मला त्याच्या आयुष्यातील सर्वांत सुंदर काळ वाटतो. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथजवळ एक समुद्री विमान त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात कोसळले. बुडणाऱ्यांना वाचवायला धावणाऱ्या नौका फार संथ आहेत हे त्याने पाहिले आणि वेगवान बचावनौका तयार करण्याच्या कामी स्वतःला वाहून घेतले. रेल्वे उडवणारा माणूस आता माणसे वाचवण्यासाठी इंजिने दुरुस्त करीत तेलाने माखलेल्या कपड्यांत वावरत होता. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याची नोकरी संपली. ब्रिडलिंग्टनच्या बंदरावरून हा जगप्रसिद्ध माणूस निघाला तो कसा? मोटारीतून नव्हे, सायकलवरून! त्या दिवशीचे त्याचे छायाचित्र आहे. अंगात कोट, गळ्याला मफलर, एक पाय पायडलवर.

आणि आता त्या शेवटच्या प्रकरणाकडे येते. सायकलीवर प्रेम करणाऱ्या या माणसाचे वेगावरही प्रेम होते. ब्रफ सुपीरिअर या महागड्या मोटारसायकली त्याने एकामागून एक सात वापरल्या. डॉर्सेट परगण्यात क्लाउड्स हिल नावाचे त्याचे लहानसे घर होते. १३ मे १९३५ रोजी जवळच्या बोव्हिंग्टन छावणीच्या टपाल कचेरीत तार करून तो घरी परतत होता. अंतर दोन-अडीच किलोमीटर. रस्ता शेकडो वेळा पालथा घातलेला. रस्त्याच्या एका उतारात पुढे दोन मुले सायकलवरून चालली होती. ती एकाएकी दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुले वाचली. लॉरेन्सच्या डोक्यावर काहीही नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. गोळ्या, उंट आणि विमान यांतून सुटलेला माणूस तार करून घरी येताना गेला!

डोक्याचे रक्षण करणारा टोप त्या काळी नव्हता काय? होता. आयल ऑफ मॅन बेटावरील मोटारसायकलींच्या शर्यतीत तो १९१४ पासूनच सक्तीचा होता; कॅनव्हासवर लाखेचे थर चढवून तो कडक केलेला असे. पण तो शर्यतीसाठी. टपाल कचेरीत जाताना तो कोण घालणार? गिरणीत जाताना तो कोण घालणार, असे आमचे वडीलही म्हणाले होते. त्यांच्या जुन्या मोटारसायकलचे हेल्मेट तेव्हा आणि आजही दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले आहे.

लॉरेन्सच्या उशाशी ज्या तज्ज्ञांना बोलावले त्यांत ह्यू केर्न्स नावाचे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. पण तो मृत्यू त्यांनी वाया जाऊ दिला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि दिवे मालवलेल्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वार पटापट मरू लागले. केर्न्स यांनी आकडे जमवले. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरचे १,८८४ लोक अपघातात मेले होते, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. आणि तपासलेल्या मृत्यूंपैकी बहुसंख्य डोक्याच्या दुखापतीने झालेले. टोप घातलेले अपघातग्रस्त त्यांना फक्त सात आढळले, आणि ते सातही जगले होते. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये हा लेख वैद्यकीय नियतकालिकात आला आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला टोप सक्तीचा केला. सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांसाठी तसा कायदा व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. त्यांच्या मायदेशातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सायकलस्वारांनाही शिरस्त्राण सक्तीचे केले. आपल्याकडे सायकलस्वारावर अशी सक्ती नाही. म्हणून तर ज्याने त्याने आपल्या शहाणपणानेच ते घ्यावयाचे आहे.

शिरस्त्राण नेमके करते तरी काय? मेंदू हा खरवसासारखा मऊ असतो. डोके एकदम थांबले तरी आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीवर आदळतो, पिळवटतो. केर्न्स यांच्याबरोबर काम करणाऱ्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचे नमुने करून हे पिळवटणे दाखवून दिले होते. शिरस्त्राणाच्या आतला जाड फेस आपटताना चिरडतो, डोके थांबायला क्षणाचा अंश जास्त मिळतो आणि आघात एका बिंदूवर न राहता पसरतो. एवढेच त्याचे काम. ते अपघात टाळत नाही, ते घातले म्हणून बेफाम जाण्याचा परवाना मिळत नाही; आणि लॉरेन्स त्याने खात्रीने वाचला असता असेही कुणी सांगू शकणार नाही. पण त्याने डोक्याला एक संधी मिळाली असती, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यावयाचे.

भावासाठी ते घ्यायला गेले तेव्हा मी चार दुकाने हिंडले. शिकले ते सांगते. प्रथम शिंप्याच्या टेपने भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजावा आणि त्या मापाचेच शिरस्त्राण घ्यावे. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेऊ नये. ते कपाळावर सपाट बसावे, भुवयांच्या वर दोनच बोटे जागा राहावी. टोपीसारखे मागे सरकवले तर पुढे आपटणाऱ्या कपाळाला त्याचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे कानांखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटे शिरावीत. पट्टा न लावता डोके हलवून पाहावे. शिरस्त्राण घसरले तर ते आपले नव्हे. मुलींनी अंबाडा घालून वरून ते चढवू नये. वेणी खाली मोकळी सोडावी. आत प्रमाणित चाचणीची खूण आहे की नाही ते पाहावे. युरोपीय बनावटीत ती ईएन १०७८ अशी असते. ही खूण किमतीपेक्षा महत्त्वाची, कारण स्वस्त आणि महाग दोघांनाही तीच परीक्षा द्यावी लागते. आपल्या उन्हात वारा खेळण्यासाठी भोके भरपूर असावीत. मोटारसायकलचे जड, बंद हेल्मेट सायकलला सोयीचे नाही, दोन दिवसांत ते खिळ्यावरच जाते. आणि एकदा जोरात आपटले की, वरून धड दिसले तरी, ते टाकून नवे घ्यावे. आतला फेस एकदाच चिरडतो. म्हणूनच कुणाचे वापरलेलेही घेऊ नये.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण आसपासच्या खेड्यांतून सायकलवर कॉलेजला येतात. मीही येते. आपणही रोजच्याच रस्त्याने येतो, आणि रोजचाच आहे म्हणून त्याच्याकडे पाहत नाही. दूरच्या प्रवासाला निघताना माणूस सावध असतो. बेसावध असतो तो घराजवळ. लॉरेन्सने त्या दोन मुलांना वाचवले, त्यांची नावे-गावेही त्याला ठाऊक नसतील. आपल्या डोक्याची काळजी मात्र आपण आपली घ्यायची आहे.

परवा भाऊ पुन्हा दळण आणायला निघाला. निळे शिरस्त्राण त्याने स्वतःच काढले, पट्टा लावला आणि मला तपासायला सांगितले. पट्ट्यात माझे एकच बोट शिरले. गल्लीतली पोरे हसली. तो नेहमीप्रमाणे क्षणभर थांबला, त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि मग पायडल मारून निघून गेला. तो परत येईपर्यंत मी ओट्यावर बसून होते.