अल्बर्ट आयलर

अल्बर्ट आयलर (जन्म : क्लीव्हलंड, ओहायो, १३ जुलै १९३६, मृत्यू : न्यू यॉर्क, नोव्हेंबर १९७०) हे अमेरिकन सॅक्सोफोनवादक व संगीतकार होते. ठरावीक लय व स्वरचौकट नाकारणाऱ्या ‘फ्री जॅझ’ या प्रवाहातील अग्रणी वादकांत त्यांची गणना होते.

सॅक्सोफोनचे पहिले धडे त्यांना वडिलांकडून मिळाले. किशोरवयात त्यांनी ब्लूज संगीतकार लिटल वॉल्टर यांना साथ केली. १९५८ साली ते सैन्यात दाखल झाले. तेथे ते लष्करी वाद्यवृंदात वाजवीत. ‘स्पिरिच्युअल युनिटी’ (१९६४) ही त्यांची विशेष गाजलेली ध्वनिमुद्रिका होय. लोकगीतासारखी साधी चाल मांडून ती आर्त, किंकाळीसदृश स्वरांत विस्कटत नेणे, हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य होते. १९६७ मध्ये जॉन कोल्ट्रेन यांच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी वादन केले.

पुढे आयलर रॉक संगीताकडे वळले. ‘न्यू ग्रास’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी गायनही केले. मात्र जॅझ समीक्षकांनी तिच्यावर कठोर टीका केली. तरीही १९६९ च्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी ‘कॅन्ड हीट’ या रॉक वाद्यवृंदातील गिटारवादक हेन्री व्हेस्टीन यांना सोबत घेतले. त्यात विद्युत गिटारचा कर्कश, विरूपित नाद आणि सॅक्सोफोनचा मुक्त आक्रोश समोरासमोर येतात.

जुलै १९७० मध्ये फ्रान्समधील सें-पॉल-द-व्हांस येथे त्यांच्या मैफली झाल्या. २५ नोव्हेंबर १९७० रोजी न्यू यॉर्कमधील ईस्ट रिव्हरमध्ये त्यांचा मृतदेह आढळला. त्या वेळी ते ३४ वर्षांचे होते. फ्रान्समधील मैफलींची ध्वनिमुद्रणे त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली.