वालातलं कुलूप शोधणाऱ्या कमलाबाई

चाकणच्या बाजारात कांद्याइतकाच मान बटाट्याला आहे. याच साध्या बटाट्यावर काम करून एका मराठी बाईंनी 1939 मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्या म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी. पेशींच्या श्वसनात भाग घेणारं 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवलं. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

कमलाबाईंचा जन्म 1911 मध्ये इंदूरला, भागवत घराण्यात झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनीही 1933 मध्ये तिथेच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी असल्याचं कारण देऊन प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, सत्याग्रहावर ठाम राहिल्या. शेवटी पहिलं वर्ष परीक्षेचं, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून पुढे मुलींसाठी संस्थेचे दरवाजे उघडले.

तिथे त्यांनी विषय निवडला दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा. ज्या देशात बहुतेकांच्या आहारात डाळ आणि उसळ हा प्रथिनांचा एक महत्त्वाचा स्रोत आहे, तिथे ती प्रथिनं अंगी लागतात की नाही, हा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. केंब्रिजहून परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि 1949 पासून मुंबईची विज्ञान संस्था अशा वाटचालीत त्यांनी हा प्रश्न सोडला नाही.

कच्च्या कडधान्यांत काही पदार्थ असे असतात, जे आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचकरसाला कुलूप लावतात. ट्रिप्सिन अडलं की प्रथिनांचं पचन अडतं. किडींनी दाणे फस्त करू नयेत म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या व कडधान्यांत हे रोधक पदार्थ शोधले. वाल आणि डबल बी यांतून ते स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन 1955 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

या कुलपाची किल्ली आपल्याच स्वयंपाकघरात आहे. बहुतेक रोधक उष्णतेने निकामी होतात. भिजवणं आणि मोड आणणं यामुळे दाणा लवकर शिजतो, शिवाय लोह अडवून धरणारी फायटेट्सही घटतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची हीच शहाणीव.

ताडाच्या नीरेवरही त्यांनी काम केलं. नीरा कुपोषित आदिवासी मुलं आणि गर्भवतींना पूरक आहार म्हणून उपयोगी पडू शकते, हे दाखवल्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेच्या संचालकपदी पोहोचलेल्या कमलाबाई पुढे ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नातील भेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. 1998 मध्ये, दिल्लीत त्यांच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचं निधन झालं.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या डब्यात उसळ असतेच. पण घाईत ती अर्धीकच्ची राहते. राजमा तर अर्धवट शिजला तर उलट्या-जुलाबही होऊ शकतात. म्हणून पाळीला निघताना कडधान्य भिजत घाला, भिजवलेलं पाणी फेकून द्या, दाणा बोटाने चेपेल इतका शिजू द्या आणि वर लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मूठभर वालाचं मोल नेमकं किती, हे शोधण्यात कमलाबाईंनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली. तो वाल नीट शिजवणं एवढं तर आपल्या हातात आहे.