दोन नावांचा वृक्ष : डॉ. विल्यम केरी

छत्तीसगडच्या वनांत उन्हाळ्याच्या आरंभी पांढऱ्या पाकळ्यांची व गुलाबी केसरांची मोठी फुले धारण करणारा एक वृक्ष आढळतो. रायपूरकडे त्याला कुंभी म्हणतात, महाराष्ट्रात कुंभा. वनस्पतिशास्त्रात मात्र त्याचे नाव ‘केरिया आर्बोरिया’ असे आहे. त्यातील पहिला शब्द मिशनरी डॉ. विल्यम केरी यांच्या गौरवार्थ योजलेला आहे.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या. १७९३ साली ते बंगालमध्ये आले व १८०० पासून हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे स्थायिक झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध केला. १८११ साली मराठी नवा करार छापला गेला. रायपूर तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागून बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित भस्म झाले, तरी केरी पुन्हा कामास लागले.

श्रीरामपुरात त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग फुलविली व ती लिनियसच्या पद्धतीने मांडली. स्वीडनच्या या शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची रीत रूढ केली : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. केरी यांचे मित्र डॉ. रॉक्सबर्ग यांनी त्याच रीतीने कुंभीला केरी यांचे नाव दिले.

या रीतीचे मोल औषधांच्या बाबतीत विशेष कळते. रस्त्याकडेचा उंच, सरळ अशोक आणि आयुर्वेदातील केशरी फुलांचा अशोक हे निराळे वृक्ष आहेत. नाव एकच असल्याने एकाची साल दुसऱ्याच्या जागी विकली जाते आणि रोग्यास खरे औषध मिळत नाही. ‘साराका असोका’ म्हटले की संशय उरत नाही. परंतु वनात साल गोळा करणाऱ्यास लॅटिन ठाऊक नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यास लोकांतले नावच हवे.

रॉक्सबर्ग यांनी आपल्या ग्रंथात लॅटिन नावांबरोबर संस्कृत, बंगाली, तेलुगू इत्यादी नावेही नोंदविली होती. १८१५ साली ते निवर्तले. त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ अप्रकाशित राहू नये म्हणून केरी यांनी परिश्रम घेतले. १८२० पासून त्याचे भाग निघू लागले आणि १८३२ साली संपूर्ण तीन खंड श्रीरामपुरात छापून झाले. १८२० सालीच केरी यांनी कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली होती.

९ जून १८३४ रोजी केरी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. भाषांतर असो वा वनस्पतीची नोंद, शब्द अचूक असावा आणि तो सामान्य माणसालाही कळावा, या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच महत्त्वाच्या मानल्या. छत्तीसगडच्या वनात कुंभी फुलते तेव्हा तिची दोन्ही नावे आपण मुलांना सांगावीत.